चौथी पाचर

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. यात पदरचा एक शब्द नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा लावून झोपावं. हे दुपारी घडलं. रविवारी, पावणेतीन वाजता, लख्ख उन्हात. दोरीवर चादर वाळत होती आणि शेजारी कुणीतरी रेडिओवर मॅच लावली होती.

जागा म्हणजे माझ्या मामांच्या घराची मागची भिंत. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की पायरी, आणि पायरीच्या बाजूला ती भिंत.

अर्धं मामांच्या तोंडून ऐकलंय, अर्धं मामीच्या. उरलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तेच मला नको होतं.

मामा तीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. सुताचा फरक नुसत्या नजरेनं ओळखायचे. माणूस मायाळू, पण 'मला सगळं येतं' हा एक रोग. नळ गळला, स्वतः. पंखा बंद पडला, स्वतः. मामी म्हणायची, "यांची दाढ दुखली तर हे पक्कड घेऊन आरशासमोर बसतील."

आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. निवृत्त झाल्यावर गल्लीच्या टोकाचं हे बैठं घर घेतलं. घर म्हणजे मामांचा जीव की प्राण. आल्यागेल्याला भिंतीवर थाप मारून दाखवायचे, "बघ, कशी वाजते."

वर्षभरात मागच्या भिंतीला चीर गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली ती तिरकी खाली, पायरीपर्यंत.

पाया खचत होता.

तेव्हा मात्र मामांनी मुकाट्यानं मिस्त्री बोलावला. त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. याची भिंत इतकी सरळ असायची की तेच नाव पडलं. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस.

पायाचं काम सोपं नसतं. भिंतीखालची माती काढायची आणि तिथं काँक्रीट भरायचं, पण भिंत तर वर उभीच असते. म्हणून ओळंब्यानं खडूनं भिंतीचे सहा भाग केले. एका वेळी एकच भाग उकरायचा. सगळ्या भिंतीला बाहेरून सहा तिरपे टेकू दिले, आणि प्रत्येक टेकूच्या बुडाशी लाकडाची एक पाचर ठोकली. पाचर घट्ट तर टेकू घट्ट, टेकू घट्ट तर भिंत जागेवर. प्रत्येक पाचरीवर त्यानं पेन्सिलीनं आकडा घातला. एक ते सहा.

आणि त्याचा एक नियम होता.

खड्ड्यात उतरलेल्या माणसाला टेकू दिसत नाहीत. म्हणून वर एक माणूस हवाच. खालचा मध्येमध्ये विचारणार, "पाचर?" वरच्यानं सगळ्या पाचरींना हात लावायचा, आणि मगच म्हणायचं, "घट्ट."

"तोंडानं नाही सांगायचं, भाऊ," ओळंबा मामांना म्हणाला होता. "हातानं सांगायचं."

वरचा माणूस अर्थातच मामा. दुसऱ्या कुणाला करू देतील तर शपथ. महिनाभर त्या घरात तेच चाललं होतं. पाचर? घट्ट. पाचर? घट्ट. मामीला स्वयंपाक करताना पाठ झालं होतं.

तीन भाग नीट झाले. चौथा उकरला, त्या रविवारी दुपारी पावणेतीनला भिंत बसली.

पडली नाही. नुसती बसली.

दोन बोटं खाली.

खाली ओळंबा होता.

पोलीस आले. घडला प्रकार लिहून द्या म्हणाले. घरात माझं अक्षर चांगलं, म्हणून मला बोलावलं. मी एका ऑफिसात कारकून आहे, मामा मला कौतुकानं 'कारकूनबाई' म्हणतात. मामांनी सांगितलं आणि मी लिहिलं. चौथ्या टेकूला पाचर नव्हती. मिस्त्रीनं ती मारलीच नव्हती. मामांनी खाली सही केली.

प्रकरण मिटलं.

ओळंबा गेला, आणि त्याचं नावही गेलं. ज्याला पाचर मारायचं भान नाही तो कसला मिस्त्री, असं सगळीकडे झालं. बांधकामांवर मुकादम कामगारांना ओरडायला लागले, "नीट ठोक रे, ओळंबा करू नकोस." ज्या माणसाच्या नावानं सरळ भिंत ओळखायचे, त्याच्याच नावानं आता गचाळ काम ओळखायला लागले.

खड्डा मातीनं भरून टाकला. दोन वर्षं गेली.

मग चीर परत उघडली.

मामांनी एकेक मिस्त्री बोलावले. यायचे, मागं जाऊन भिंतीकडे बघायचे आणि विचारायचे, "हे तेच घर ना?" की निघाले. एक म्हातारा मिस्त्री तेवढा पाणी प्यायला थांबला. पेला खाली ठेवत म्हणाला, "मी वीस वर्षं त्याच्याबरोबर काम केलंय. त्याला पाचर मारता येत नव्हती म्हणता ना? मग आम्हाला कुठली येणार. तुम्हीच मारा."

मामा लालबुंद झाले. पण मनातून त्यांना हवंच होतं ते.

"आपला हात जगन्नाथ," ते मामीला म्हणाले. "महिनाभर वर उभा राहून सगळं बघितलंय मी."

"बघितलंय ना, तेच म्हणते," मामी म्हणाली. "बघून तरी हात लावू नका त्या भिंतीला."

ऐकतील तर ते मामा कसले.

शनिवारी त्यांनी लाकूड आणलं आणि सहा नव्या पाचरी कापल्या. एकसारख्या, लेथवर काढल्यासारख्या. रात्री त्या मागच्या पायरीवर मांडून ठेवल्या.

सकाळी उठून बघतात तर…

पाचरींवर पेन्सिलीनं आकडे होते.

एक. दोन. तीन. पाच. सहा.

उरलेली एक पाचर कोरी.

"हे तू लिहिलंस?"

"मला काय उद्योग नाहीत का?" मामी चहा गाळत म्हणाली.

मामांनी ओल्या फडक्यानं आकडे पुसले आणि कामाला लागले. सहा टेकू उभे केले, पाचरी ठोकल्या, चौथा भाग उकरायला घेतला. तीच जागा. तिथली माती कुदळ मारली की सुटत होती, कुणीतरी नुकतीच वरखाली केल्यासारखी.

चार फुटांवर फावड्याला काहीतरी लागलं.

थापी होती. ओळंब्याची. लाकडी मूठ अंगठ्याखाली झिजलेली.

दोन वर्षं मातीत पुरलेली थापी. गंजायला हवी होती.

तिच्या पात्यावर सिमेंट होतं… ओलं.

मामांनी बोट लावून बघितलं. बोटाला लागलं. त्यांनी ती थापी पोत्यात गुंडाळून कचऱ्याच्या गाडीवर टाकली आणि मामीला काहीच बोलले नाहीत. घाबरलो होतो म्हणून नाही, असं ते मला नंतर म्हणाले. मग कशासाठी, ते काही त्यांना सांगता आलं नाही.

मंगळवारी त्यांनी खिडकीच्या गजाला दोरी बांधून ओळंबा सोडला, भिंत किती कललीय ते बघायला.

वारा नव्हता. वजन दोनदा हललं आणि थांबलं.

पण दोरी सरळ नव्हती.

मामांनी डोळे चोळले. तीस वर्षं मापं घेतलेला माणूस, वजन कसं लोंबतं ते त्यांना कुणी शिकवायला नको. दोरी तिरकी होती. खड्ड्याकडे ओढलेली. ताणलेली… जणू खालून कुणीतरी टोक धरून ठेवलं होतं.

मामांनी खिशातून चाकू काढला आणि दोरी कापली.

वजन खड्ड्यात पडलं.

आवाज आला नाही.

ते वाट बघत उभे राहिले. चार फुटांचा खड्डा, खाली टणक माती, शेरभराचं लोखंड. आवाज यायलाच हवा. मग वाकून बघितलं तर खड्ड्यात वजनच नव्हतं.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मामा थांबले नाहीत. खड्डा उघडा ठेवला तर भिंत जाईल, आणि भिंत गेली तर घर जाईल. बुधवारी त्यांनी काँक्रीट भरलं. एकट्यानं, घमेल्या घमेल्यानं, साठी उलटलेल्या माणसानं. 

आता त्या भागाचं शेवटचं काम राहिलं होतं. नवीन काँक्रीट आणि जुन्या भिंतीचं बूड यांच्यामध्ये एक फट ठेवतात. काँक्रीट सुकलं की त्या फटीत कोरडा माल ठासून भरायचा. जेमतेम ओलसर, मुठीत धरला तर गोळा व्हावा इतकाच. तो हातानंच भरावा लागतो, कारण फट असते दोन बोटांची.

रविवारी जेवण झाल्यावर मामा खड्ड्यात उतरले. मामी पायरीवर मटार सोलत बसली.

"नुसती बस इथं. काही लागलं तर हाक मारीन."

"पाचर विचारणार नाही का?"

"स्वतः मारल्यात मी. विचारायचं काय त्यात?"

तो शब्द मामा तोंडातून काढतच नव्हते. मामीनं ते आदल्या आठवड्यापासून हेरलं होतं.

काम सुरू झालं. मामा माल घेत होते, फटीत कोंबत होते, लाकडाच्या तुकड्यानं ठोकत होते. ठक. ठक. ठक. मामीच्या हातातल्या शेंगा फुटत होत्या. शेजारी मॅच चालू होती.

मग रेडिओ थांबला.

शेजाऱ्यांनी तो बंद केला नव्हता, हे आम्ही नंतर विचारलं. तो आपोआप थांबला. चिमण्याही थांबल्या. दोरीवरची चादर हलायची थांबली.

मामांची दोन बोटं फटीत होती. डाव्या हाताची.

आणि आवाज आला…

"पाचर?"

मामांचं तोंड मिटलेलं होतं.

आवाज त्यांच्या पायाखालून आला होता. काँक्रीटमधून. साधा, शांत, कामातल्या माणसाचा आवाज.

मामांना ओरडायचं होतं. नको बोलूस, काही बोलू नकोस. पण तेवढा वेळ मिळाला नाही.

वर मामीनं मान वर केली नाही. महिनाभर कानांवर पडलेलं तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं.

"घट्ट."

टक्…

चौथ्या टेकूची पाचर निसटून पायरीवर येऊन पडली. मामीच्या पायाशी. तिनं बघितलं, आपोआप निसटली.

भिंत बसली.

मामांचा आवाज आला नाही म्हणून मामी आधी घाबरली नाही. मामांनी ओरडायला तोंड उघडलं होतं, पण त्यांना त्याच वेळी शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू आला. अगदी कानाशी. छातीवर ओझं असल्यासारखा, तुटक. आत जात होता आणि बाहेर येत नव्हता. त्यांच्याशिवाय त्या खड्ड्यात कुणी मावलं नसतं.

आणि परत विचारलं.

"पाचर?"

भिंतीतून कर्र असा आवाज झाला. आणखी खाली यायची तयारी.

तेव्हा मामा ओरडले. पुढच्या गल्लीत ऐकू गेलं म्हणतात.

"सैल! सैल आहे! चौथी नाहीच आहे, माझ्या खिशात आहे! मी काढली, मी काढली रे!"

भिंत थांबली.

रेडिओ सुरू झाला. कुणीतरी चौकार मारला होता.

शेजाऱ्यांनी गाडीचा जॅक आणून भिंत केसभर उचलली तेव्हा मामांचा हात सुटला. बोटं सुटली नाहीत. ती दोन्ही तिथंच राहिली.

संध्याकाळी दवाखान्यात मामांनी मला सगळं सांगितलं. मामी आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी होती.

दोन वर्षांपूर्वी त्या रविवारी सकाळी नवं कपाट आलं होतं. पुढच्या दारातून जाईना. मागच्या दाराशी चौथा टेकू आडवा येत होता. ओळंबा अजून आला नव्हता. मामांनी पाचर काढली, टेकू बाजूला सरकवला, कपाट आत घेतलं आणि टेकू परत जागेवर लावला. पाचर नंतर मारू म्हणून खिशात टाकली. तेवढ्यात मामीनं कपाट कुठं ठेवायचं म्हणून हाक मारली.

विसरले.

दुपारी ओळंबा खाली उतरला. विचारलं, "पाचर?" मामा पायरीवर चहा पीत बसले होते. टेकू सहाच्या सहा उभे दिसत होते.

म्हणाले, "घट्ट."

"हात नाही लावला," मामा मला म्हणाले. पट्टी बांधलेला हात पुन्हापुन्हा बघत होते. "एवढंच. हात नाही लावला गं."

ती पाचर दोन वर्षं त्याच कपाटाच्या खणात होती, जुन्या बिलांच्या खाली.

मामांनी मला हात जोडले. बोटं नसलेला हात जोडलेला बघवत नाही. "तू ती पाचर खणातून घेऊन त्याच्या बायकोकडे जा. सांग तिला सगळं. माफी माग माझ्यासाठी."

त्यांनी स्वतः जायला हवं होतं. चारचौघांत सांगायला हवं होतं. पण बाहेर कुणाला कळू देऊ नकोस, असंही ते मला त्याच दमात म्हणाले, आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. ओळंब्याची बायको शिलाई मशीनवर पिशव्या शिवत होती. मी कोण ते सांगितलं, तरी पाय थांबले नाहीत. मी पाचर मशीनच्या फळीवर ठेवली.

मशीन थांबलं.

तिनं पाचर उजेडात धरली. "चार. हा त्यांचाच चार. शेपूट असं लांब ओढायचे."

मी सगळं सांगितलं. कपाट, खिसा, चहा. म्हटलं, "मामा विसरले हो. मुद्दाम नाही केलं त्यांनी."

"विसरलेलं मी धरत नाही," ती म्हणाली. "माणूस आहे, विसरतो. नंतर आठवलं ना पण?"

मी विषय बदलला.

"माफी मागतायत ते. तुम्ही म्हणाल ते करायला तयार आहेत."

"मला काही नको. ही परत घेऊन जा. जिथली आहे तिथंच मारा." तिनं पाचर माझ्या हातात दिली आणि माझी बोटं वरून मिटवली. तिचे हात गार होते. "आणि भाऊंना सांगा, आता हे विचारत राहतील. उत्तर देत जा म्हणावं. हात लावून."

मी दाराशी पोहोचले तेव्हा मागून आवाज आला.

"तो पोलिसांचा कागद कुणी लिहिला होता? मला दाखवला होता त्यांनी. अक्षर फार सुंदर होतं."

"मी."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि मशीन परत सुरू झालं.

मामांनी घरी आल्यावर पाचर जागेवर मारली. चौथ्या टेकूखाली. भिंत स्थिर झाली. चीर बुजवली, रंग दिला. आम्हाला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी मामी भांडी घासत होती, तर जमिनीखालून…

"पाचर?"

मामा बाहेर धावले, हात लावला, म्हणाले, "घट्ट." शांत झालं.

मग दिवसातून एकदा. मग चारदा. वेळ ठरलेली नाही. कधी आंघोळीत, कधी तोंडात घास असताना. उत्तर दिलं की थांबतं. नाही दिलं की भिंत कर्र करते.

एकदाच मामांनी हिंमत केली. घराला कुलूप लावून मामीला घेऊन लेकीकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, "तुमच्या मागच्या भिंतीतून हात आरपार जाईल एवढी चीर पडलीय." दोघं आल्या पावली परतले.

त्याला आता तीन वर्षं झाली. परवापर्यंत मामांनी गल्ली सोडलेली नव्हती. नातीला फोनवर बघतात. लेक म्हणते घर विका, तर विकताना काय सांगायचं? म्हातारपणी टेकायला म्हणून घर घेतलं होतं. आता घरच त्यांच्यावर टेकलंय.

आणि बाहेर मुकादम अजूनही म्हणतात, ओळंबा करू नकोस. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

परवा मामांच्या छातीत कळ आली. ऑपरेशन आहे. मामी त्यांच्याजवळ आहे. कुणीतरी घरी थांबायला हवं होतं.

हे मी त्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. वहीत, हातानं. नंतर टाईप करून तुमच्यासाठी टाकेन.

काल दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा मी हात लावून सांगितलं. पाचर उन्हानं तापलेली असते, पण आकड्यापाशी गार लागते.

मी ठरवलं, सगळं लिहून काढायचं. ज्या अक्षरात खोटं लिहिलं त्याच अक्षरात खरं. म्हणजे त्याचं नाव तरी धुऊन निघेल. वर आलेलं सगळं सकाळपासून लिहिलं आणि आत्ता, पावणेतीनला, पेन खाली ठेवलं.

शेजारचा रेडिओ थांबला.

मी उठले, पाचरीला हात लावायला. पण या वेळी त्यानं ते विचारलं नाही. माझ्या खुर्चीखालून आवाज आला…

"लिहिलं?"

मी तोंड उघडलं होतं. हो म्हणणार होते. मग आठवलं, हात लावल्याशिवाय सांगायचं नाही. मी परत बसले आणि पहिल्या ओळीपासून सगळं वाचून काढलं.

पदरचा एकही शब्द नाही, हे खरं.

पण एक गोष्ट मी गाळली होती.

पोलीस आले त्या दिवशी, मी लिहायला सुरुवात करण्याआधी, मामांनी खिशातून चष्म्याची डबी काढली. डबीबरोबर एक लाकडाचा तुकडा बाहेर आला आणि टेबलावर पडला. त्यावर पेन्सिलीनं चार लिहिलेलं होतं, शेपूट लांब ओढलेलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. पोलीस पाठमोरे होते.

त्या तुकड्यावर कागद मी ठेवला. मामांनी नाही. मी.

आणि मग त्याच कागदावर, सावकाश, सुंदर अक्षरात लिहिलं की मिस्त्रीनं पाचर मारलीच नव्हती.

आता लिहिलं.

मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा, "लिहिलं."

अजून काही आवाज आलेला नाही. रेडिओही सुरू झालेला नाही. दोरीवरचा टॉवेल हलत नाहीये. मागचं दार उघडं आहे आणि मघाशी पायरीवर काहीतरी पडल्यासारखं वाजलं, लाकडासारखं.

उठून बघायला हवं. हात लावून बघायला हवं.

माझे पाय उठत नाहीयेत.